राम रामापुरती जागा

हिंगोलीतल्या एका हळदीच्या आडतीत मी इंटरनेटवरचा फोन बसवला, तवाची गोष्ट. कोणी फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई बोलायची, "हळदीच्या भावासाठी एक दाबा, सोयाबीनसाठी दोन." आठच दिवसांत मालकाचा निरोप आला, "काढून न्या हे. नरसी गावचे काका रुसून दुसऱ्या आडतीत माल घेऊन गेले."

मी विचारलं, "काहून?"

"ते म्हणतात, मी राम राम केला, तर तुमची बाई आपलंच रेटून राहिली."

आता राम रामासाठी बटण कुठून आणू? तिथले मुनीम शकीलभाई म्हणाले, "माझा आवाज भरा." मी रेकॉर्डिंग सुरू केलं. "राम राम काका," म्हणाले आन् गप्पच बसले.

"बोला की, शकीलभाई!"

"थांबा ना. समोरच्याला बी राम राम म्हणू द्या."

तेवढी जागा सोडून भरलं. पुढच्या खेपेला काका बराबर आमच्याच आडतीत हळद घेऊन आले. शकीलभाईंना पाहून म्हणाले, "परवा फोनवर लई घाईत होते व्हय तुमी? राम राम घातला, पण लेकराबाळांचं काही विचारलं न्हाई."

शकीलभाईंनी शांतपणे माझ्याकडं पाहिलं, "भरा परत."