गाडीत राहिलेली पिल्लं

—नाही, वर्तमानपत्र नको. घरी गेलीस की पेटीतलं ते आधी काढ. गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, दोन दिवसांत तंगड्या फाकतात, मग ते पिल्लू उभंच राहत नाही. लाकडाचा भुसा अंथर. उबेचा दिवा कालपासून लावलायस ना? मग बरंय. आणि पोस्टाने आलेला कोंबडीच्या पिल्लांचा खोका घेऊन तडक इकडे आलीस तेही बरं केलंस. मार्डेलनेच सांगितलं असेल, शेजारच्या आयव्हाला विचार म्हणून. सांगितलं ना? वाटलंच. घर विकलं तुला, वर शेजारीणही देऊन गेली.

असं धर, मुठीत, आवळू नकोस. चोचीचं टोक कोमट पाण्यात बुडव, साखर घातलीय मी थोडी — प्यायलं? प्यायलं. पंचविसांनाही असंच एकेक करून पाजायचं. अंड्यातला बलक पोटात असतो, त्यावर दोन-तीन दिवस निघतात, पण प्रवासाने घसा सुकलेला असतो. पाण्याच्या ताटलीत खडे टाक, नाहीतर त्यातच बुडतात. उष्णता पंच्याण्णव फॅरनहाइट, पुढे दर आठवड्याला पाचाने कमी — पण काट्यापेक्षा पिल्लांकडे बघ. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला पळाली तर भाजतायत. गारठली की खालची गुदमरतात, बाई. मी पाहिलंय. गेल्याच एप्रिलला.

पन्नास मागवली होती, अर्धी मार्डेलची, अर्धी माझी — एकतीस वर्षं असंच चाललेलं. माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून पोस्टात तीच गेली. खोका आणून माझ्या मांडीवर ठेवला नि म्हणाली, "आयव्हा, बावीस गेली गं. पोस्टवाल्यांनी मारली." रडत होती. मीही रडले. आणि मग पोस्टातल्या व्हर्लला फोन लावून नको नको ते बोलले. दोन महिने चर्चमध्ये मी त्याच्याकडे पाठ करून बसले — का? मार्डेल म्हणाली म्हणून.

जूनमध्ये दुकानात गाठलं त्याने मला. म्हणाला, "आयव्हा, सकाळी सातला खोका दिला मी, सगळी चिवचिवत होती. अकरापर्यंत तिची गाडी वकिलाच्या दारात उभी होती." अकरापर्यंत. बाहेर बर्फ पडत होतं त्या दिवशी. तशी गेले कुंपणापाशी, काठी टेकत. तेव्हा मार्डेलने कबूल केलं — घर विकलंय, ॲरिझोनाला बहिणीकडे चाललेय, कसं सांगू कळेना, त्या घरविक्रीच्या सह्यांच्या धास्तीत पिल्लं गाडीत आहेत हेच विसरले. आणि पिल्लं मागवलीस कशाला मग? तर म्हणे, नाही मागवली तर तुला संशय आला असता.

माझ्या लेकीने, जोलीनने, ओमाहाला तळमजल्यावर खोली बांधलीय माझ्यासाठी. पायऱ्या नकोत म्हणून. मी तेव्हा येत नाही म्हटलं. मार्डेल एकटी पडेल, म्हटलं. ती खोली— जाऊ दे. हे तुला कशाला सांगतेय.

पण विसरणं मी माफ करत आणलं होतं. खरंच. माणूस विसरतो. नाताळात तिचं कार्ड आलं, फाडलं नाही मी, आहे त्या ड्रॉवरमध्ये. उत्तर लिहावं म्हणत होते.

त्या दिवशी वकिलाकडे तूही होतीस म्हणा— हो, तूच घेणारी, असणारच. बर्फात अडकून उशिरा पोचलात? मग त्यात तुझा काय दोष. काय म्हणालीस? वकिलाकडची मुलगी म्हणाली, गाडीत पिल्लं आहेत ना, आत आणू का?

मग? मार्डेल काय म्हणाली?

नीट आठवून सांग, पोरी.

"राहू देत तिथेच. इथे कुणी पाहिली तर मी घर विकतेय ते आयव्हाला कळेल."

असं म्हणाली.

...

हे शेवटचं. घे. प्यायलंय. झाकण लाव आणि खोका पोटाशी धरून ने. नाही, बसू नकोस आता, ती गारठतील. तिला फोन करशील तेव्हा माझं काही सांगू नकोस. दार ओढून घे.