हिरवा माठ

आमच्या पल्लवीचं सांगतो, चहा पिता पिता ऐका. माही नात, इंजिनिअरिंगले आहे. परवा होस्टेलवरून नाचणगावले आली अन् म्हणे, "आबा, मले कॉलेज सोडाचं आहे."

"काऊन वं?"

"पाण्याची वाफ कशी होते, एवढंही मले धड समजत नाई. वर्गात विचारलं तर पोरं हासतात."

"मग मास्तर काय झोपाले येते का तिथं?"

पोरगी रडालेच लागली. मी चौथीतून घरी बसलेला, मी काय समजावणार? म्हटलं, "पाणी पी आधी."

एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "आबा, माठातलं पाणी गरम काऊन?"

"काय मालूम! तू येणार म्हणून माठाले हिरवा ऑइलपेंट मारला. मस्त दिसते ना?"

ती माठाकडं पाहतच राह्यली. "अहो आबा, माठ पाझरते. ते पाणी वाफ होऊन उडते, अन् उडताना आतली गरमी घेऊन जाते. तुम्ही तर पाझरनंच बंद केलं!" असं बोलली अन् डोळे पुसत हासली.

"समजलं ना तुले? आता बाकीचंही बिनधास्त विचारजो. कोणी हासलंच, तर माह्या माठाची गोष्ट सांगजो. सारे माह्यावरच हासतीन, मग तुह्यावर हासाले कोणी उरणारच नाई."