आधी पोट बघ

अगं, काल आईचे रिपोर्ट घ्यायला शुगरच्या डॉक्टरांकडे बसले होते ना, तर मागच्या बाकावर एक काका-काकू! मी मान वळवली नाही, पण कान सगळे मागेच.

"ऊठ, घरी जाऊ. इन्सुलिन सोडलं म्हणजे सोडलं."

"मी नाही उठणार."

"अगं, रोज टोचूनही साखर वरच! गॅरेजवाल्यानं पाठवलेल्या व्हिडिओत तेच सांगितलंय, इन्सुलिन म्हणजे नुसती फसवणूक."

"त्या व्हिडिओवाल्यानं तुमचं पोट बघितलंय?"

"पोटाचा काय संबंध?"

"अहो, रोज त्याच एका जागी टोचता, बेंबीच्या डावीकडे."

"तिथे दुखत नाही म्हणून!"

"दुखत नाही, कारण तिथे गाठ झालीय. गाठीत टोचलेलं औषध नीट अंगात उतरत नाही. जागा बदलत राहा, असं नर्सताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होतात."

"बरं बाई, आजपासून उजवीकडे टोचतो. झालं?"

"मनानं काही करायचं नाही! चांगल्या जागी तेवढाच डोस जास्त होऊन साखर एकदम उतरू शकते. आधी डॉक्टरांना गाठ दाखवायची."

"आणि नाही दाखवली तर?"

"तर मी इथेच सगळ्यांसमोर तुमचा शर्ट वर करीन."

काकांनी पटकन शर्ट खाली ओढून धरला! तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"हां, बोल रे गॅरेजवाल्या... नाही, नाही सोडत. का म्हणजे? तुझ्या त्या व्हिडिओवाल्याला म्हणावं, आधी माझं पोट बघायला ये! ठेव आता, आमचा नंबर आलाय."