माझा पाचवा मणका

समारंभाचे अध्यक्ष माननीय मधुकरराव, व्यासपीठावरील मान्यवर, आज पावणे गावच्या आपल्या कामगार दवाखान्यातून निवृत्त होत असलेल्या डॉक्टर सुमेधा वर्तक मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी गोटीराम, तळवलीचा. माईकपेक्षा मला कबड्डीचं मैदान बरं. पण आज गप्प बसलो असतो, तर मलाच चैन पडली नसती.

एक्क्याऐंशी साली मी कंपनीच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळायचो. चढाईला आलेल्या गड्याला कमरेत धरून उचलायचं, हे माझं काम. नोकरी त्या खेळावरच मिळालेली, आणि अजून कायम व्हायची होती. स्पर्धा जवळ आली म्हणून मी सराव एकदम दुप्पट केला आणि माझी कंबर धरली. मॅडमनी एक्सरे काढला. कमरेच्या पाचव्या मणक्याला बारीक चीर गेली होती.

"सहा महिने खेळ बंद," मॅडम म्हणाल्या.

सहा महिने! तोवर नोकरी राहिली असती का, सांगा? मी तडकलो. "बाई, तुमी कदी मैदानात उतरल्यात का? तुमाला काय समजनार?"

तर रविवारी मॅडम आमच्या सरावाला पदर खोचून हजर! प्रत्येक पकडीला कागदावर एक रेघ ओढत तासभर उभ्या होत्या.

सोमवारी मला बोलावलं. आमचे कर्णधार रावसाहेब, ते इथे पहिल्या रांगेत बसलेत, त्यांचा जुना एक्सरे कपाटातून काढून माझ्या एक्सरेशेजारी खिडकीला धरला.

"हे बघ. पंधरा वर्षं गडी उचलून यांचे खालचे मणके कसे दाट झालेत. हाड जिवंत असतं, गोटीराम. भार पडत गेला की ते स्वतःला मजबूत करतं. पण त्याला वेळ लागतो. तू त्याला महिनाभरही दिला नाहीस."

मग मॅडमनी कंपनीच्या साहेबांना पत्र लिहिलं. सहा महिन्यांनी हा खेळेल, जबाबदारी माझी. त्या पत्रावर माझी नोकरी टिकली.

तीन महिने नुसती विश्रांती. मग पोटाचे, पाठीचे व्यायाम. मग वाळूची पिशवी उचलायची. दर पंधरवड्याला त्यात थोडी वाळू जास्त. एके दिवशी घाई करून मी दुप्पट भरली, तर मॅडमनी स्वतःच्या हाताने अर्धी ओतून टाकली!

सातव्या महिन्यात वाशीला सामना होता, मॅडमही बघायला आल्या होत्या. पहिल्याच चढाईला सहा फुटी गडी अंगावर आला. मी खाली वाकलो, कमरेत धरला आणि उचलला. पाठीत कळ नाही, काही नाही! शिट्टी झाली तशी मी मॅडमकडे पाहिलं. त्या डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या.

नंतर विचारलं, "मॅडम, पकड बघितलीत ना?"

"नाही रे. धीरच झाला नाही."

पत्रावर सही करणाऱ्या बाईंना इतकी भीती वाटत होती, आणि सहा महिने त्यांनी ती मला दिसू दिली नाही.

मॅडम, आम्हा सगळ्या खेळाडूंच्या वतीने तुमचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर आपलाच माणूस म्हणून सांभाळून घ्या.