छोटेलालच्या ढोल्या

पुरनलाल : धानाच्या ढोल्या कुठं आहेत?

सुखवंता : तिथंच उभे राहा. भुई ओली आहे, आत्ताच सारवून उठली मी. तुमचे पाय उमटले तं मलेच पुन्हा बसा लागन.

पुरनलाल : भुईचं नाही विचारून राहिलो मी. गोंदियाच्या गाडीत बसलो तवा या घरात सहा ढोल्या उभ्या होत्या. आता दोनच दिसतात.

सुखवंता : ज्यात धान आहे त्या दोन आहेत. बाकीच्या चारात काय होतं सांगू? एकीत उंदरं. एकीत तुमच्या बाबूजीच्या मोडक्या मोटेची दोरी. एकीत फुटके मडके. आन चौथीत काहीच नव्हतं, नुसता वास होता.

पुरनलाल : काही असो नसो, उभ्या तं होत्या ना.

सुखवंता : हाव, उभ्या होत्या. मानसाच्या डोक्याच्या वर. भावाभावात वाटण्या झाल्या, तिघं आपापलं घेऊन गेले, शेती चौथा हिस्सा राहिली, पन ढोल्या मात्र बाबूजीच्या राज्यातल्याच. घरातली मानसं अंग चोरून चालतात आन रिकामे टोपले ऐसपैस.

पुरनलाल : टोपले म्हनू नको त्याहिले. अवो, उद्या कोन येऊन राहिलं, याद आहे ना तुले?

सुखवंता : मुर्रीचे उदारामजी. दुलारीचे बाबूजी. त्याहिच्यासाठीच तं हात मातीत घालून बसली मी.

पुरनलाल : मंग उलटंच केलं तू. पोरीचा बाप घर पाहाले येते म्हंजे काय पाहाते? भिंती पाहाते का? ओसरीवर बसते, पानी पिते, मंग आत येऊन ढोल्या मोजते. इज्जतदार मानूस झाकन काढून पाहात नाही. तसं पाहनं म्हंजे घरवाल्याच्या तोंडावर त्याले खोटा म्हननं. मोजते फकत. सहा दिसल्या तं सहाचं घर. दोन दिसल्या तं...

सुखवंता : दोनचं.

पुरनलाल : तुले मस्करी सुचून राहिली. टेकचंदचं वय चाललं. दोन जागी बोलनं झालं, दोन्ही मोडलं. हे तिसरं मोडलं तं पोरगा तोंडानं काही म्हननार नाही, शेतात, बांधीच्या धुऱ्यावर जाऊन बसन नुसता. मले तो तसा बसलेला नाही पाहावत.

सुखवंता : मले पाहावते का?

पुरनलाल : मी तसं नाही म्हनत.

सुखवंता : ते दोन्ही पाहुने आले तवा सहाच्या सहा ढोल्या होत्या. मोजल्या का नाही त्याहिनं?

पुरनलाल : मोजल्या.

सुखवंता : मंग काऊन मोडलं?

पुरनलाल : ते निराळं.

सुखवंता : निराळं काहीच नाही. दुसऱ्या पाहुन्यासंगं पोरीची आत्या आली होती, ध्यानात आहे? तुमी त्याहिले ढोल्या दाखवून राहिले होते, तवा ती माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसली. हळूच म्हने, बाई, सून निजन कुठं? मी इकडं पायलं, तिकडं पायलं. जिकडं तिकडं ढोल्याच. त्या दिवशी मले जे वाटलं ना, ते मी तुमाले सांगतलं नाही.

पुरनलाल : सांगाचं होतं.

सुखवंता : काय सांगू? मी या घरात आली तवा माझी पेटी ढोलीवर होती. लुगडं काढाचं तं पाटावर चढा, पेटी उतरवा, तेवढ्यात सासरे येत, मंग पदर घेऊन भिंतीले चिकटून उभी राहा. टेकचंद चालाले लागला तवा कुठं माझी पेटी भुईवर आली. मी मनात म्हनलं होतं, माझ्या सुनेची पेटी ढोलीवर नाही चढनार. बस, एवढंच केलं मी.

पुरनलाल : पन त्या चार ढोल्या गेल्या कुठं?

सुखवंता : दोन तं हात लावल्याबरोबर भुसभुसल्या, चुलीत गेल्या. दोन चांगल्या होत्या. ते पाहा ना समोर, दिसत नाही का?

पुरनलाल : ही ताटी? कोन्या बुरडाले बोलावलं? पैसे कोनी देल्ले?

सुखवंता : बुरड कायले पायजे? ढोली विनलेलीच असते. पान्यात भिजवली, शेनमाती खरडून काढली, टेकचंदनं उभी चिरली. चटई उलगडावी तशी उलगडली. मंग तिच्यावर जात्याच्या पाळ्या आन पाटे ठेवले, सपाट झाली. दोन ढोल्या जोडून इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत आड झाली. मोटेची दोरी होतीच, तिनं बांधली. पैसा एक नाही लागला.

पुरनलाल : आन भिंत कशानं पांढरी केली? लढाई सुरू झाल्यापासून चुन्याचा भाव आयकला का?

सुखवंता : चुना नाही तो. नाल्याच्या काठची पांढरी माती आहे, टोपल्यानं वाहून आनली. खाली गेरूचा पट्टा वढला, त्याच्याखाली तनसाची राख कालवून काळी किनार. फुटक्या मडक्याची खापरं कुटून मोरीत पसरली, आता चिखल होत नाही. आन तो उजेड पायला का?

पुरनलाल : छपराचं कवेलू सरकलं काय?

सुखवंता : झरोका आहे तो. ढोलीमागं होता. आपल्या घराले झरोका आहे हे तुमच्या पोराले आजवर मालूम नव्हतं.

पुरनलाल : झरोका... बाबूजी तिथं बसून दाढी करत. मीच इसरून गेलो होतो.

सुखवंता : मंग या, बसा थोडा वेळ त्या उजेडात.

पुरनलाल : नाही, नाही. उजेड पाहून कोनी पोरगी देत नाही. छोटेलालकडं जातो. त्याच्या सपरीत चार ढोल्या रिकाम्या पडून आहेत. उदारामजी दुपारच्या गाडीनं सालेकशाले उतरतीन, सकाळीच बैलबंडीवर घालून आनतो.

सुखवंता : मांगून आनान? दुसऱ्याच्या ढोल्या?

पुरनलाल : सारेच आनतात. त्या दिवसापुरत्या.

सुखवंता : आन ठेवान कुठं?

पुरनलाल : ताटी काढून घेऊ एक दिवस.

सुखवंता : तुमी छोटेलालकडं जा, नाहीतं आखी सालेकशाची बाजारपेठ उचलून आना. ताटीले हात लावाचा नाही.

पुरनलाल : बरं, ओसरीत ठेवू.

सुखवंता : जेवून जा. आन ओल्या भुईवर पाय नका देऊ.

(दुसऱ्या दिवशीची सकाळ. ओसरीवर पाहुणे उदाराम बसलेत. सुखवंता ताटीच्या आतून बोलते.)

उदाराम : आता तुमी घाबरून नका जाऊ, पुरनलालजी. मीच लवकर आलो. म्हनलं, दुपारची गाडी कवा येते कवा नाही, लढाईचा माल पयले जाते, मानसं मागून. सकाळची भेटली तं बसलो.

पुरनलाल : चांगलं केलं. बिल्कुल चांगलं केलं. पानी घ्या ना आनखी.

उदाराम : तीन लोटे झाले. तुमी सारखे दाराकडं काऊन पाहून राहिले? कोनी येनार आहे का?

पुरनलाल : कोनी नाही. कोनीच नाही येनार.

उदाराम : बरं. आत येऊ का मंग? म्हंजे रीत आहे म्हनून.

पुरनलाल : बसा ना थोडं. घाई काय आहे?

सुखवंता : अजी, त्याहिले येऊ द्या आत. भुई सुकली आहे.

उदाराम : वा. थंड आहे घर. ही माती नाल्याची होय ना? आमच्या मायच्या घरी अशीच भिंत होती. आन ही ताटी तं मोठी झकास विनली. पन याचं विनकाम ताटीचं नाही वाटत, ढोलीचं वाटते.

सुखवंता : ढोलीचंच आहे.

पुरनलाल : जुनी होती. म्हंजे बाकीच्या आहेत आपल्या. ह्या दोन आहेत आन बाकीच्या...

उदाराम : पलीकडं काय आहे?

सुखवंता : सुनेची खोली. म्हंजे खोली काय, आडोसा आहे. बाज आहे, झरोका आहे, पेटी ठेवाले मातीचा ओटा केला, ओल नाही लागनार. लुगडी टांगाले चार खुंट्या आहेत. मी सरकते बाजूले, तुमी पाहून घ्या.

उदाराम : इथं दारही लावता येते का?

सुखवंता : गोधडीचा पडदा आहे. आतून बांधता येते. बाहेरून नाही.

उदाराम : आतून... हं.

पुरनलाल : उदारामजी, चला ना, ओसरीवरच बसू. गूळ आनतो. टेकचंद बांधीतून येतेच आहे, त्याले पाहा तुमी, कामाले एक नंबर...

सुखवंता : अजी. छोटेलालची बंडी दारात आली.

उदाराम : कोन छोटेलाल?

पुरनलाल : शेजारी. शेजारी आहे एक.

उदाराम : बंडीवर तं ढोल्या आहेत. चार दिसतात. कुठं चालला घेऊन?

पुरनलाल : तो ना... त्याचं असं आहे... त्याच्या पाहुन्याकडं, तिकडं कोहमाऱ्याकडं नेऊन राहिला असन.

सुखवंता : बंडीवाला विचारून राहिला, कुठं उतरवू.

उदाराम : पुरनलालजी?

पुरनलाल : सांग त्याले, उतरवू नको म्हनावं. वापस ने म्हनावं.

सुखवंता : वापस?

पुरनलाल : हाव, वापस. उदारामजी, काय लपवू आता तुमच्यापासून. छोटेलालच्या आहेत त्या. रिकाम्या आहेत. तुमी मोजान म्हनून मी मांगून आनल्या. आमच्या ह्या दोनच. वाटण्यात शेती थोडी आली, दोनच भरतात, बरं पिकलं तं दोन, नाहीतं दीड. पोटाले पुरते, उधारी कोनाची नाही. पन घर दोनचंच आहे. मले लाज वाटली म्हनून मी हा धंदा केला. टेकचंदची माय नाही म्हनत होती, तिचा काही कसूर नाही. आन पोराले तं मालूमच नाही. तुमाले उठून जायचं असन तं जा, मी राग नाही मानत.

उदाराम : बंडी वळली का?

पुरनलाल : वळून राहिली.

उदाराम : थांबा, मले पाहू द्या. ... कशी डुलत चालली पाहा. हसू नका म्हनू मले, पुरनलालजी, पन मले हसू आवरत नाही.

पुरनलाल : हसा. हसाचंच काम केलं मी.

उदाराम : तुमाले नाही हसून राहिलो. माझी मोठी पोरगी शामकला. तिले देली तवा मी घर पाहाले गेलो होतो. आठ ढोल्या. मी मोजल्या, पुन्हा मोजल्या, घरी येऊन तिच्या मायले सांगतलं, आठाचं घर आहे, पोरगी राज करन. लगन झालं. दिवाळीले पोरगी आली तं म्हने, बाबूजी, हळद उतरली नाही आन बंडी आली. एक ढोली गेली, दुसरी गेली, सहा गेल्या. भुईवर गोल गोल डाग राहिले तेवढे.

सुखवंता : बापा.

उदाराम : आन आयका पुढचं. म्हने, ढोल्या गेल्या तवा कुठं मले निजाले जागा झाली. सांगताना हसत होती पोरगी. मंग रडली. मी मोजून आलो होतो ना सारं, पन ती निजन कुठं, हे मी पायलंच नव्हतं. तवापासून दुलारीसाठी घर पाहाले निघालो का मले भेव वाटते. आजही गाडीत वाटून राहिलं होतं. म्हनून तं पानी पिऊन राहिलो सारखा.

पुरनलाल : मले वाटलं, आमचं पानी गोड लागलं.

उदाराम : ढोल्या घरात येताना मी लय पायल्या, पुरनलालजी. दारातून वापस जाताना आजच पायल्या.

सुखवंता : उदारामजी, तुमी असं करा. त्या दोन ढोल्याचं झाकन काढून पाहा. आमी वाईट नाही मानत.

पुरनलाल : हाव, मी काढतो. हात घालून पाहा, खालपर्यंत धानच आहे, तनस नाही.

उदाराम : राहू द्या झाकन. आता कायले? माझं भेव गेलं. लय दिवसानं असं हलकं वाटून राहिलं मले. तो गूळ म्हनत होते ना तुमी, आना आता.

पुरनलाल : आनतो. आत्ताच आनतो. गूळ कुठं असते आता, टेकचंदची माय? तू सारं इकडचं तिकडं केलं.

सुखवंता : समोरच्या कोनाड्यात. पयले शोधा लागत होता, आता दिसते.

पुरनलाल : दिसला. खरंच समोरच आहे.

उदाराम : त्या खुंट्या कोनी ठोकल्या?

सुखवंता : मीच. माझ्या हाताच्या मापानं. काऊन, वाकड्या झाल्या का?

उदाराम : वाकड्या नाही. थोड्या खाली घ्या, विहीनबाई. आमची दुलारी ठेंगनी आहे, तिचा हात नाही पोचनार.