चांदीच्या पाण्याचा चमचा

वरंधच्या आमच्या नर्मदाकाकूंचं तुला सांगितलं नाही वाटतं. त्यांच्या मंगेशला मूल होत नव्हतं, म्हणून काकूंच्या मुंबईच्या बहिणीने चांदीच्या पाण्याची, म्हणजे चांदीचे बारीक कण मिसळलेल्या पाण्याची, बाटली पाठवली. सुनेने, वैशालीने, रोज सकाळी चमचाभर घ्यायचं. महिने गेले, काही होईना, तेव्हा सगळे महाडला डॉक्टरबाईंकडे निघाले. गाडी माझी, म्हणून काकूंनी मलाही तपासणीच्या खोलीत बसवलं.

डॉक्टरबाईंनी बाटली बघितली. "हे आधी बंद करा. याने मूल होतं असा पुरावा नाही. गर्भाला किंवा पुरुषाच्या बीजाला हे सुरक्षित आहे, असंही कुणी सांगू शकत नाही. फार दिवस घेतलं तर कातडी, नखं कायमची निळसर पडू शकतात."

काकू म्हणाल्या, "गो वैशाली, नखं दाखव बघू."

"मी नाय घेतलं," वैशाली म्हणाली. "मूल दोघांना हवंय, आणि तपासण्या तेवढ्या माझ्याच झाल्या. म्हणून माझा चमचा रोज यांच्या चहात घातला."

डॉक्टरबाईंनी नवा केसपेपर काढला आणि मंगेशला नाव विचारलं. तो खिडकीच्या उजेडात आपली नखं बघत होता.