तिसऱ्यांदा दिलेलं वाक्य

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज रंगभूमीवरून निवृत्त होताना ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते संस्थेचे ज्येष्ठ नट, आमचे भाऊजी, आणि समोर बसलेल्या रसिक मंडळींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी रंगमंचावर पहिल्यांदाच उभी आहे. माझे यजमान या संस्थेचे प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसायचं, नट अडला की पुढचे शब्द हळूच द्यायचे, हे त्यांचं काम. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन त्यांच्या संहितांवर झालं. स्वयंपाक करता करता मी नटाची वाक्यं वाचायची, मुद्दाम अडायची, आणि ते भाजी निवडत, वहीकडे न बघता पुढचं द्यायचे.

चिटणिसांनी मला तीन मिनिटं दिली आहेत. सोबत एक कागदही दिला आहे. भाऊजींनी आमच्या घराला आधार दिला, असं त्यात लिहिलंय. खरंच दिला. यजमान गेले त्या दिवशी भाऊजी आमच्या उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. मी तो कागद मुकाट्याने वाचलाही असता. पण काल या समारंभाची स्मरणिका घरी आली, आणि मी पान तेवीस उघडलं.

भाऊजींचं ते गाजलेलं विनोदी नाटक तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. म्हातारा न्हावी सांगत बसतो, की तरुणपणी त्याच्या दुकानात एका सकाळी एक चित्रकार आणि एक क्रांतिकारक शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसले होते. चित्रकार म्हणतो, कलेला बाजू नसते. क्रांतिकारक म्हणतो, प्रत्येकाला बाजू घ्यावीच लागते. आणि हा न्हावी, दर वेळी गोष्ट बदलत, शेवटी अख्खी क्रांती आपणच घडवली अशा थाटात बोलायला लागतो. माणसाची आठवण कशी लबाडी करते, यावर तुम्ही पोट धरून हसलात. मीही हसले. तीस वर्षं ती भूमिका करणाऱ्या माणसाला मात्र त्यातलं काहीच लागू झालं नाही, याचं मला काल नवल वाटलं.

पान तेवीसवर भाऊजी याच नाटकाबद्दल लिहितात: सरकारने आक्षेप घेतलेलं वाक्य मी भर प्रयोगात, अधिकारी पहिल्या रांगेत बसलेला असताना, छातीठोकपणे म्हटलं. त्या दुपारी आमचा प्रॉम्प्टर घाबरून आलाच नव्हता.

घाबरून आलाच नव्हता!

काय म्हणता चिटणीस, वेळ झाली? बसा हो. दुसऱ्यांची वेळ सांभाळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याची बायको आहे मी.

आता मी आठवणीवर बोलत नाही. माझ्या आठवणीचाही भरवसा नाही. इतकी वर्षं मी सांगत आले, की त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि मी यांना शाल दिली होती. काल यांची संहितेची वही काढली तर तारीख भर उन्हाळ्याची निघाली. म्हणून मी वहीच घेऊन आले आहे. जिथे नट अडेल, तिथे हे समासात पेन्सिलीने गोल करायचे, शेजारी तारीख घालायचे. त्या तारखेचे या एका वाक्यापाशी तीन गोल आहेत. माणूस आलाच नव्हता, तर पेन्सिल एकटी चालत आली का?

झालं होतं ते असं. अधिकाऱ्याने सकाळी ते वाक्य गाळायला सांगितलं. भाऊजींनी होकार दिला. नटांना सांगितलं, दिवेवाल्याला सांगितलं, पडदेवाल्याला सांगितलं. विंगेतल्या माणसाला सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. भाऊजी वाक्यापाशी आले आणि गप्प राहिले. यांना वाटलं, विसरले. यांनी हळूच शब्द दिले. भाऊजी गप्पच. यांनी आणखी मोठ्याने दिले. भाऊजींनी यांच्याकडे बघून डोळे वटारले. आणि मग तिसऱ्यांदा विंगेतून एवढा आवाज आला, की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेला. टाळ्या पडल्या. भाऊजींनी वाकून त्या घेतल्या. दारात उभ्या असलेल्या पोलिसांनी यांना घेतलं.

अकरा दिवस हे आत होते. यांची पोटापाण्याची नोकरी, शाळेतली कारकुनी, गेली. घरी आले तेव्हा मी फाडफाड बोलले. म्हटलं, "तो शहाणा गप्प बसला, तुम्हालाच काय गरज होती?"

म्हणाले, "पहिल्यांदा वाटलं, विसरला. दुसऱ्यांदा शंका आली."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा कळलं होतं. मुद्दाम दिलं."

एवढंच. पुन्हा कधी कोणाजवळ बोलले नाहीत. भाऊजी मुलाखतींमधून ती टाळी आपली म्हणून सांगत राहिले, तेव्हाही नाही. हसून म्हणायचे, "सांगू दे गं, नट आहे तो." टाळी मीही सोडली असती. पण तुम्ही टाळी घेऊन थांबला नाहीत, भाऊजी. जो तिथे होता, त्याला तुम्ही पळपुटा केलात.

मान हलवू नका. खोटं बोललात असं मी म्हणत नाही. तुम्हाला ते खरंच वाटत असेल, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. खोटारड्याशी भांडता तरी येतं.

बरं, तुम्ही म्हटलं होतंत ना? मग आत्ता म्हणा. ध्वनिक्षेपक द्या हो त्यांना.

"वस्तऱ्याला बाजू नसते, साहेब…"

हं, एवढं आठवलं तुम्हाला. पुढे?

पुढे काय, भाऊजी?

माझ्याकडे बघू नका. वही माझ्या हातात आहे, पण आज आमच्या घरातून कोणी पुढचं देणार नाही. तुम्हीच आठवा. बसून आठवा.

स्मरणिकेचे गठ्ठे पायऱ्यांपाशी बांधून ठेवले आहेत. पान तेवीस बदलेपर्यंत ते सुटणार नाहीत. इथून उतरले, की मी त्यांच्यावर जाऊन बसणार आहे. एका जागी बसून राहायची आमच्या घराला सवय आहे.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, सगळ्यांचे आभार. बोलताना चुकून काही जास्त गेलं असेल, तर पदरात घ्या. जे मुद्दाम बोलले, त्याची माफी मी मागत नाही.